‘आढळले नाही’ म्हणजे ‘घडले नाही’ नव्हे

बारावीचा निकाल लागला की गेली काही वर्षं आमच्या सल्ला केंद्रावर एक नवाच प्रश्न येतो. मुलगी सायन्सची, मार्क बरे, मेडिकलला नंबर लागणार नाही हे कळून चुकलेलं, आणि तिला फॉरेन्सिकला जायचं असतं. टीव्हीवरच्या मालिका पाहून वेड लागलंय, असं घरचे म्हणतात. आई विचारते, मुलीच्या जातीला हे रक्तामढ्याचं काम झेपेल का. वडील विचारतात, नोकरी लागेल का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आम्ही जमेल तशी देतो. पण या मुलींना तिथे शिकवणार काय, हे ना आईबाप विचारत, ना आपण. हा प्रश्न खरं तर आपल्या चळवळीने विचारायचा आहे. ज्या कागदावर बलात्काराची केस उभी राहते किंवा कोसळते, तो कागद उद्या याच मुली लिहिणार आहेत.

विद्यापीठात हा विषय आला त्याला बरीच वर्षं झाली. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ साली निघाला. तरी पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळांत भरती व्हायची ती रसायनशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या पदवीधरांची, आणि काम शिकायचं ते टेबलावर, सीनियरच्या हाताखाली. महाराष्ट्रात मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर इथे सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था निघाल्या त्या २००९ पासून पुढे. गांधीनगरच्या फॉरेन्सिक विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला, गोव्यात त्याचं केंद्र आहे. खासगी कॉलेजांनी बीएस्सी फॉरेन्सिकचे वर्ग उघडले. मग १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने या क्षेत्रासाठी २,२५४ कोटी रुपयांहून अधिकची योजना मंजूर केली. म्हणजे इमारती, यंत्रं, गाड्या आणि पदवीधर हे सगळं वाढणार, हे ठरलेलं आहे.

वाढू दे. आपण प्रयोगशाळा मागितल्याच होत्या. सी.ए. रिपोर्टसाठी वर्ष वर्ष वाट पाहणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. सरकारी वकील तारीख मागून घेतात, आरोपी जामिनावर गावात हिंडतो, आणि मुलीचं शाळेत जाणं बंद होतं. तेव्हा माणसं वाढली तर हवंच आहे. पण रिपोर्ट लवकर आला की न्याय मिळाला, असं मानायला मी तयार नाही. रिपोर्टात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, हे पाहायला हवं.

ज्या कार्यकर्तींनी असे कागद हाताळले आहेत त्यांना ते वाक्य पाठ असेल. नमुना क्रमांक अमुक ते तमुक, पोत्यावरचं सील शाबूत, आणि शेवटी निष्कर्ष: ‘वीर्य आढळले नाही.’ एक ओळ. ती वाचून तपास अधिकारी म्हणतो, केसमध्ये दम नाही. सरकारी वकील म्हणतात, मेडिकल निगेटिव्ह आहे. गावात बातमी पोचते तोवर तिचा अर्थ एवढाच उरलेला असतो की बाई खोटं बोलली. ज्या कोणी ती ओळ लिहिली त्या माणसाला हे काहीच म्हणायचं नव्हतं. त्याने किंवा तिने फक्त कापसाच्या एका बोळ्यावर काय मिळालं ते सांगितलं होतं. पण सांगताना बाकीचं सोडून दिलं.

काय सोडलं? पुरुषाने निरोध वापरला असेल, वीर्यपात झालाच नसेल, किंवा त्याची नसबंदी झालेली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसणार नाहीत. बाईने अंघोळ केली असेल, लघवीला जाऊन आली असेल, पाळी सुरू झाली असेल. किती बायका त्याच दिवशी दवाखान्यात पोचतात? आधी नवऱ्याला सांगायचं की सासूला, याच्यातच दोन दिवस जातात, तिसऱ्या दिवशी ठाण्यात बसवून ठेवतात. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की बहात्तर तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता फार घटते, तरी शहाण्णव तासांपर्यंत नमुने घ्यावेत. नमुना घेतल्यावर तो सावलीत, हवेवर सुकवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओलाच बंद केला तर बुरशी धरते आणि आतलं सगळं नासतं. हे काम त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या, कधी कधी पहिल्यांदाच अशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या हातात असतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, २०१३ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या व्याख्येत वीर्याचा प्रश्नच उरलेला नाही. बोट, वस्तू, तोंड, सगळं त्यात आलं. कायदा बदलून दहा वर्षं उलटली तरी रिपोर्टाचा साचा अजून जुन्याच व्याख्येत अडकून बसला आहे.

आता याला जोडून दुसरी गोष्ट. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, आता नव्या संहितेचं ३२९. न्यायालयाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं, पण नेहमी तसं होत नाही. म्हणजे लिहिणारी व्यक्ती कोर्टात येऊन ‘माझ्या या ओळीचा अर्थ एवढाच आहे’ असं सांगणार नाही. जे सांगायचं ते कागदावरच सांगावं लागेल. म्हणून अहवाल लिहायला शिकवणं हा या पदवीचा कणा असायला हवा. अभ्यासक्रमात बोटांचे ठसे असतात, विषं असतात, बंदुकीच्या गोळ्या असतात, हस्ताक्षर असतं. ‘आढळले नाही’ हे शब्द लिहिताना त्यांच्यापुढे आणखी कोणती दोन वाक्यं यायला हवीत, याचे किती तास असतात?

विज्ञान नव्हतं म्हणून बायका हरल्या, असं कोणी म्हणालं तर मथुरा खटल्याची आठवण द्यावी. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडलं त्यावर आपली बलात्कारविरोधी चळवळ उभी राहिली, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या खटल्यातला रासायनिक तपासणीचा भाग आपण क्वचितच बोलतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला मथुराची तपासणी झाली. योनीतून घेतलेल्या नमुन्यात वीर्य मिळालं नाही. तिच्या कपड्यांवर मात्र मिळालं, आणि आरोपी पोलिसाच्या पायजम्यावरही मिळालं. डीएनए तपासणी तेव्हा नव्हती, तरी डाग होते आणि प्रयोगशाळेने ते नोंदवलेही होते. सत्र न्यायालयाने ते डाग बाजूला सारले आणि धरून ठेवली ती डॉक्टरची दुसरी निरीक्षणं: अंगावर जखम नाही, पडदा पूर्वीच फाटलेला, दोन बोटं सहज जातात. उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते यावर. पुरावा बोलत नाही, पुरावा वाचावा लागतो. आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात बाईविषयी जे असतं तेच तो त्यातून वाचतो. प्रयोगशाळेत बसलेली व्यक्तीही याला अपवाद नाही, मग ती बाई असली तरी.

दोन बोटांच्या त्या चाचणीचं पुढे काय झालं ते आपण लढून पाहिलं आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी अहवाल तयार केले, नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली, मुंबईत ‘सेहत’ने २००८ पासून महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर काम करून वेगळी पद्धत चालते हे दाखवून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी स्त्रीच्या हक्कांचं उल्लंघन ठरवली आणि २०२२ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमातून ती काढायला सांगितलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तर २०१९ मध्येच ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग आपल्या अभ्यासक्रमातून वगळला होता. इतकं झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात पडदा, कौमार्य आणि समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्हा’ म्हणून शिकवण्याचा मजकूर परत आणला! ओरड झाली, आठवड्याभरात तो मागे घ्यावा लागला. यातून दोन गोष्टी कळतात. अभ्यासक्रम ही सहज मागे सरकणारी चीज आहे. आणि कोणी लक्ष ठेवून असलं तर ती रोखता येते.

डॉक्टरांच्या अभ्यासक्रमावर आपलं लक्ष आहे, कारण तो देशभर एक आहे आणि त्यावर वर्तमानपत्रात बातमी होते. फॉरेन्सिकच्या पदवीचं तसं नाही. कुठे सरकारी संस्था, कुठे खासगी विद्यापीठ, कुठे स्वायत्त कॉलेज, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. लैंगिक गुन्ह्यांवरचं प्रकरण तिथे कोण लिहितं, कोणत्या पुस्तकातून लिहितं, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. न्यायवैद्यकाची जुनी पाठ्यपुस्तकं बायका खोट्या तक्रारी करतात या सूचनेने भरलेली होती. तीच पानं आता नोट्स होऊन दुसऱ्या दाराने वर्गात येत असतील तर आपल्याला पत्ताही लागणार नाही.

त्या वर्गात बायांचं जगणं ठाऊक असलेलं कोणी असतं तर काय वेगळं शिकवलं असतं, याची दोनच उदाहरणं देते. दोन्ही तांत्रिक आहेत, पण आपल्या कामाची आहेत.

बाईच्या पेशींच्या गर्दीत पुरुषाच्या थोड्याशा पेशी शोधायच्या तर वाय गुणसूत्राची डीएनए तपासणी करतात. उशिरा आलेल्या केसमध्ये तिचा फार उपयोग होतो. पण हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे बाप, मुलगा, सख्खे भाऊ, चुलते यांचा निकाल एकच येतो. आता आपल्याकडे येणाऱ्या लहान मुलींच्या केसेस आठवा. आरोपी कोण असतो? काका, मोठा भाऊ, आजोबा, बाप. बरोबर ज्या घरात मुलगी सापडलेली असते त्याच घरातल्या पुरुषांना ही तपासणी एकमेकांपासून वेगळं करू शकत नाही. हे अहवालात स्पष्ट लिहिलं नाही तर एकतर चुकीच्या माणसावर बोट जातं, नाहीतर बचावाचा वकील ऐनवेळी हा मुद्दा काढून सगळा अहवालच पाण्यात घालतो. मुलीचा स्वतःचा जबाब काय म्हणतो, याच्या शेजारी ठेवूनच तो निकाल वाचायला लागतो.

दुसरं गर्भपाताचं. अल्पवयीन मुलगी दिवस गेल्यावरच दवाखान्यात आणली जाते, अशा केसेस आपल्याकडे कमी नाहीत. गर्भपातानंतरचे अवशेष हा पितृत्वाचा थेट पुरावा. ते सलाईनने धुऊन, काहीही न घालता, थंडीत ठेवून पाठवायचे असतात. पण हॉस्पिटलात नेहमीची सवय म्हणून ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात, आणि फॉर्मॅलिनने डीएनएची नासाडी होते. त्या मुलीकडून तो पुरावा पुन्हा कधीच मिळणार नसतो. प्रयोगशाळा फक्त ‘नमुना तपासणीस योग्य नाही’ असं कळवते. हे कळवणाऱ्या व्यक्तीने त्या हॉस्पिटलला एक पत्र पाठवावं, फोन करावा, वर्षातून एकदा तिथल्या नर्सेसना जाऊन सांगावं, हा तिच्या कामाचा भाग आहे असं तिला कोणी शिकवलेलं नसतं.

इथे थोडं विषयांतर करते. ही जी नमुने गोळा करायची पेटी आहे, ती मुळात अमेरिकेत शिकागोमध्ये १९७० च्या दशकात आकाराला आली. त्यामागे मार्था गॉडर्ड नावाची एक बाई होती. ती शास्त्रज्ञ नव्हती की पोलीस नव्हती. घरातून पळालेल्या मुलामुलींसाठी काम करत होती, आणि त्या मुली घरातून का पळतात हे तिला त्यांच्याकडूनच कळलं होतं. पेटीला नाव मात्र लागलं व्हिटुलो या पोलीस सार्जंटचं, आणि पुढे कित्येक वर्षं तेच चाललं. आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे, कारण डीएनए म्हटलं की आपल्यातल्या काही जणीही हात जोडतात. दिल्लीतल्या छावलाच्या प्रकरणात २०१२ साली एका तरुण मुलीवर अनन्वित अत्याचार होऊन तिचा खून झाला. तीन तरुणांना फाशीची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. सोडताना न्यायालयाने म्हटलं की नमुने अकरा-तेरा दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि डीएनए अहवालाचा आधार काय, तज्ज्ञाने तंत्र नीट वापरलं की नाही, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नाही. त्या निकालाने आपण सगळ्या हादरलो. माझा संताप अजून गेलेला नाही. पण नुसतं न्यायालयावर रागावून भागणार नाही. जो अहवाल ‘जुळले’ एवढंच म्हणतो, कसं जुळलं ते सांगत नाही, तो ‘आढळले नाही’ म्हणणाऱ्या अहवालाइतकाच बाईला दगा देतो. शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यात दर वेळी पाटलाचा मुलगा नसतो. ज्यांच्या अंगावर पोलीस सहज गुन्हा टाकतात ते भटके-विमुक्त, आदिवासी, मजूरही तिथे उभे असतात. कच्च्या अहवालावर भलताच माणूस आत गेला तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो. आपल्याला पक्कं विज्ञान हवं आहे ते यासाठीही.

आणि एक विसरू नये. बलात्कारित स्त्रीची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या कशाच्या आधाराची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये गुरमीत सिंग खटल्यात सांगितलेलं आहे. प्रयोगशाळा वाढल्या म्हणून ‘डीएनए नाही तर केस नाही’ अशी नवी पायरी बायांच्या वाटेत उभी राहता कामा नये. मला हीच भीती जास्त आहे. तपास अधिकारी आत्तापासूनच तसं बोलू लागले आहेत.

राहिला मुलींच्या नोकरीचा प्रश्न. आईबापांना आम्ही सांगतो ते असं: कॉलेजला स्वतःची प्रयोगशाळा आहे का, की पुस्तकातली चित्रं पाहून प्रॅक्टिकलची वही भरतात, ते जाऊन पाहा. सरकारी भरतीच्या जुन्या जाहिराती काढून कोणत्या पदवीला पात्र धरतात ते वाचा, मग फी भरा. शासनाने प्रयोगशाळांतली पदं कंत्राटी पद्धतीनेही भरली आहेत. याचा विचार आपण कामगार म्हणून तर करायला हवाच, पण आणखी एका कारणासाठी. अकरा महिन्यांच्या करारावरची पोरगी, वरून साहेबाचा फोन आला की ‘जरा बघा त्या केसचं’, काय करणार? तिने खरं लिहावं असं वाटत असेल तर तिची नोकरी पक्की असावी लागते. आणि आता घटनास्थळी जायचं आहे, रात्री-अपरात्री, व्हॅनमधून, पुरुष हवालदारांच्या घोळक्यात. तिथे तिच्यासाठी संडास आहे का, परत सोडायला गाडी आहे का, तक्रार समिती कोणत्या गावात बसते?

आपल्या हातात काय आहे? अभ्यास मंडळावर बाहेरची माणसं घेतात, उद्योगातली, पोलिसातली. तिथे स्त्रियांबरोबर काम करणारी एक व्यक्ती घ्या, अशी मागणी करता येते. या मुलींची इंटर्नशिप नुसती प्रयोगशाळेत न ठेवता पंधरा दिवस वन स्टॉप सेंटरवर आणि पंधरा दिवस सत्र न्यायालयात ठेवायला सांगता येतं. नावगाव पुसलेले जुने अहवाल आणि त्यांवरचे निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचायचे वर्ग आपण स्वतः घेऊ शकतो. आपल्या फायलींत तसे कागद पडून आहेत, कोणी मागितले नाहीत म्हणून आपण दिले नाहीत.

आमच्या गटाने या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांकडे लैंगिक गुन्ह्यांवरच्या प्रकरणाचा अभ्यासक्रम आणि वाचनाची यादी मागितली. एका ठिकाणच्या तरुण प्राध्यापिकेने लगेच दिली आणि ‘तुम्हीच येऊन दोन तास घ्या’ म्हणाली. दुसऱ्या कॉलेजाने हा अंतर्गत विषय असल्याचं कळवलं. मग विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. त्या अर्जाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. ज्यांना आपल्या जिल्ह्यात वापरायचा असेल त्यांनी मागून घ्यावा.